खटका नीट लागलाय ना?

घडीच्या चाकूचे जगात दोनच प्रकार आहेत. एक उघडत नाही तो आणि दुसरा मिटत नाही तो. हवा तेव्हा उघडणारा आणि हवा तेव्हा मिटणारा असा तिसरा प्रकार दुकानदार सांगतात, पण तो कायम दुकानदाराच्याच हातात असतो. पैसे देऊन आपण तो हातात घेतला की तो पहिल्या दोनांपैकी कुठल्या तरी एका जातीत सामील होतो.

माझा दुसऱ्या जातीतला. तो मी मढीच्या यात्रेत घेतला. पाथर्डी तालुक्यातलं मढी, कानिफनाथांचं. रंगपंचमीच्या सुमारास तिथं गाढवांचा मोठा बाजार भरतो. गाढव विकत घेणारा माणूस फार सावध असतो. तो गाढवाचं तोंड उघडून दात बघतो, पाय उचलून खूर बघतो, पाठीवर हात दाबून बघतो, दहा पावलं चालवून बघतो आणि एवढं करून 'विचार करून सांगतो' म्हणून पुढच्या गाढवाकडं जातो. त्याच बाजाराच्या कडेला, नगरहून आलेला शिकलासवरलेला मी, चाकू हातात धरून एकच प्रश्न विचारत होतो.

"खटका पक्का आहे ना?"

"साहेब, हत्ती लटकवा. मिटला तर पैसे परत."

हत्ती जवळपास नव्हता. गाढवं होती, पण लटकवण्यासाठी मालकांकडं गाढव मागायचं कसं, या संकोचापायी मी पैसे देऊन टाकले.

चाकू दिसायला झकास होता. लालभडक मूठ, दोन्ही टोकांना पितळ आणि मुठीच्या पाठीवरून गेलेली एक पोलादी पट्टी. पातं पूर्ण उघडलं की या पट्टीचं पुढचं टोक पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत 'टक्' करून बसतं. मिटायचा असला की पट्टीचं मागचं टोक अंगठ्यानं दाबायचं. पुढचं टोक खाचेतून वर येतं आणि पातं मोकळं होतं. विक्रेत्यानं हे इतक्या सफाईनं करून दाखवलं की चाकू आपणहून मिटतोय की काय, असं वाटावं. मी तिथंच उभ्या उभ्या एक काकडी कापून खाल्ली. टक् आवाज आला होता. ऐकून बरं वाटलं होतं. मग मिटायला गेलो तर मिटेना.

पट्टी अंगठ्यानं दाबली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली, दगडावर टेकवून दाबली, शेवटी दगडावर ठेवून मी तिच्यावर उभा राहून पाहिलं. विक्रेता शब्दाचा पक्का निघाला. हत्ती काय, मीही चाललो नाही.

उघडा चाकू खिशात ठेवता येत नाही, ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. उघडा चाकू पिशवीतही ठेवता येत नाही, कारण पिशवीत कानिफनाथांचा प्रसाद असतो आणि पिशवी कापडाची असते. तो वर्तमानपत्रात गुंडाळून, टोक बाहेर येतंय अशा अवस्थेत हातात धरून मी पाथर्डीला एसटीच्या दारापाशी उभा राहिलो. यात्रेची गर्दी. एरवी अशा गर्दीत मला कधी कुणी आत शिरू दिलेलं नाही. त्या दिवशी वाट आपोआप मोकळी झाली. दोघांच्या बाकावर मी एकटा. खिडकीची जागा.

कंडक्टर आला. कागदाकडं बघितलं, टोकाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"काका, हे काय?"

"चाकू."

"ते दिसतंय. मिटवा की."

"मिटत नाही."

"मग घेतला कशाला?"

"मिटत नाही म्हणूनच घेतला."

त्यानं तिकीट फाडून दिलं आणि पुढची तिकिटं फाडताना जरा अंतर ठेवलं. पण मिटत नसलेली वस्तू एसटीत दिसली आणि तिच्यावर सगळ्या गाडीनं उपाय सांगितला नाही, असं महाराष्ट्रात अजून घडलेलं नाही. एकानं खोबरेल सांगितलं, दुसऱ्यानं रॉकेल. तिसरा म्हणाला, खोबरेलाआधी रॉकेल. चौथ्यानं 'नवा आहे, वापरून सैल होईल' असा धीर दिला. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ चाकू न बघताच म्हणाले, "नुसता झटका द्या हो," आणि झटका कसा द्यायचा ते हवेत करून दाखवलं, तेव्हा त्यांच्या शेजारचा उठून उभा राहिला.

शेवटी पलीकडच्या आजी वैतागल्या. "अरे बाबा, कुणाचं बोट जायचं. आण इकडं." त्यांनी पिशवीतून एक दणकट कांदा काढला आणि चाकूचं पातं त्यात खुपसून दिलं. "घे. आता काय करील?" खटक्याचं काम कांद्यानं केलं. मी ती कांदा लावलेली वस्तू मांडीवर आडवी धरून बसलो. करंजी घाटात गाडी एका खड्ड्यात गेली, सगळे एक वीत वर उडालो, आणि खाली येताना मांडीवर आवाज आला: टक्. चाकू मिटला होता. कांद्याचे दोन तुकडे माझ्या पायाशी पडले होते.

"मिटला बघा," कंडक्टर म्हणाला.

आजींनी अर्धा अर्धा कांदा पुसून परत पिशवीत ठेवला.

ही हकीगत मी नगरच्या सावेडीतल्या बागेत सकाळच्या मंडळींना सांगितली ती कीव करून घ्यायला. झालं भलतंच. प्रत्येकाचा हात खिशात गेला आणि प्रत्येकाच्या हातातून एक चाकू बाहेर आला. निवृत्त माणसं एवढी हत्यारबंद फिरतात हे मला माहीत नव्हतं. बरं, यांना कापायचं काय असतं? सकाळी लिंबू, दुपारी गोळ्यांची पट्टी, संध्याकाळी कुरिअरचं पाकीट. पण चर्चा सुरू झाली ती जणू उद्या सगळ्यांना करंजी घाटात वाघाशी झुंजायचंय. चाकू काय कापतो हे कुणीच बोलेना. तो मिटत कसा नाही, यावरच सगळे.

आमच्यातले बँकवाले साहेब यात अग्रेसर. त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे, चाकू तिकडचा आहे. त्याच्या मुठीच्या आत एक पातळ पोलादी पत्रा असतो, किंचित आत वाकवलेला. पातं उघडलं की तो पत्रा स्वतःच्या ताणानं बाजूला सरकतो आणि पात्याच्या बुडामागं जाऊन उभा राहतो; मिटायला तो अंगठ्यानं परत बाजूला ढकलायचा. ही रचना आज ज्या रूपात सगळीकडं दिसते ती मायकेल वॉकर नावाच्या अमेरिकन कारागिरानं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. बँकवाले साहेब हे सगळं रोज सांगतात. सांगून झालं की नातवाचं भिंग काढतात आणि पत्रा पात्याला नेमका किती टेकलाय ते बघतात. जेमतेम एक-दीड मिलिमीटर टेकलेला असतो. तेवढ्यावर माणसाची चार बोटं अवलंबून.

"आज जरा कमी टेकतोय," ते म्हणतात.

"नोकरीत असताना तारण एवढं तपासलं असतं तर?" हेडमास्तर विचारतात.

हेडमास्तरांकडं स्विस चाकू आहे. त्याला खटकाच नाही. नुसती पाठीची स्प्रिंग पात्याला दाबून धरते. उलट्या बाजूनं जोर दिला की पातं मिटतं आणि मध्ये जे असेल ते कापतं. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी 1891 मध्ये तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि 1897 मध्ये तो प्रसिद्ध अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवून घेतला. त्याच 1897 मध्ये मुंबईत अर्देशिर गोदरेजांनी कुलपं बनवायला घेतली. जगातली सगळी कुलपं त्या वर्षी मुंबईच्या वाट्याला गेली आणि स्विस चाकूला काही उरलं नाही, असं माझं मत आहे. हेडमास्तरांना ते पटत नाही. त्यांच्या मते खटका नसणं हाच त्या चाकूचा गुण.

"हात कसा धरायचा हे माहीत असलं की खटका लागत नाही. शिस्त नसते तिथं खटका लागतो."

"पण 2008 च्या नमुन्यापासून स्विस सैन्याच्या चाकूलाही खटका आलाय," बँकवाले.

"सैन्यातली शिस्त बिघडली असेल," हेडमास्तर.

डॉक्टरांनी युरोपच्या सहलीतून फ्रान्सचा ओपिनेल आणला. लाकडी मूठ, आणि मुठीच्या गळ्याशी फिरणारं एक कडं. पातं उघडायचं आणि कडं फिरवायचं, की पात्याला मिटायला फटच राहत नाही. 1890 पासूनचा हा चाकू, त्याला हे कडं आलं 1955 मध्ये. म्हणजे 65 वर्षं फ्रेंच शेतकरी बिनखटक्यानं चीज कापत होते आणि त्यांची बोटं बहुधा शाबूत होती. या कड्याइतकी बिनबोभाट रचना दुसरी नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. एकच अडचण. ते आपण फिरवावं लागतं. डॉक्टरांच्या अंगठ्याला नेहमी एक चिकटपट्टी असते.

खटका परीक्षेला लावायची एक जागतिक पद्धत आहे. चाकू उघडायचा, आणि पात्याची पाठ, म्हणजे धार नसलेली बाजू, कशावर तरी आपटायची. मिटला तर नापास. चाकू बनवणारे हात जोडून सांगतात की असं करू नका, यानं चांगला खटकाही बिघडतो. पण बनवणाऱ्याचं ऐकायचं तर परीक्षा कशाला घ्यायची? बँकवाल्यांनी बागेतल्या सिमेंटच्या बाकाच्या कडेवर चाकू आपटला. खटका टिकला. परत आपटला. टिकला. ते उभे राहिले, बाही सरकवली आणि असा दणका दिला की बाकाचा टवका उडून डॉक्टरांच्या चहात पडला. बाक कुणाच्या तरी स्मरणार्थ होता. 'स्मरणार्थ'मधला 'स्म' गेला, 'रणार्थ' राहिलं.

वॉचमन धावत आला. "सर, बाकडं फोडलं तुम्ही!"

"खटका बघ," बँकवाले अभिमानानं म्हणाले. "हललासुद्धा नाही."

"बाकडं हललं ना!"

"बाकडं कच्चं आहे, त्याला आम्ही काय करणार?"

निवृत्त वायरमन मध्ये पडले नसते तर प्रकरण वाढलं असतं. वायरमनांना नगरचा अभिमान फार. त्यांनी वॉचमनला बाजूला बसवून सांगितलं की 1549 साली मलिक-ए-मैदान तोफ याच गावात ओतली, 55 टनांची, आणि पुढं ती विजापूरला गेली तेव्हा हत्ती आणि शेकडो बैल लावून ओढत नेली असं सांगतात. असल्या गावात एका चाकूनं बाकडं फुटतं ही लाज आहे; बाकडं ओतणाऱ्यानं लाजायला पाहिजे. वॉचमन पटल्यासारखा गेला. या सगळ्यात हत्तीचा उल्लेख अखेर कुठं तरी आला, याचं मला समाधान वाटलं.

माझा भाचा इंग्लंडात असतो. त्याला मी फोनवर सांगितलं, येताना पक्क्या खटक्याचा एक चाकू आण. तो घाबरला. "मामा, इथं तसला खिशात घालून फिरता येत नाही." तिकडं 1988 चा कायदा आहे. तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू सबळ कारण नसतानाही खिशात चालतो, पण तो कुठल्याही क्षणी मिटता आला पाहिजे. खटका लागून पक्का झाला की न्यायालयाच्या लेखी तो घडीचा चाकूच उरत नाही आणि मग कारण विचारतात. मी हे बागेत सांगितलं.

"म्हणजे," हेडमास्तर म्हणाले, "आपलं बोट कापेल असा चाकू इंग्लंडात कायदेशीर, आणि कापणार नाही असा बेकायदा?"

"तसंच."

"दीडशे वर्षं यांनी आपल्यावर राज्य केलं."

आपल्या शस्त्र कायद्याला खटक्याशी काही देणंघेणं नाही. तो पट्टी लावून मोजतो: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलं की परवान्याचा प्रश्न येतो. घरगुती आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली, म्हणून उसाच्या फडातला कोयता निर्धास्त. बँकवाल्यांनी लगेच खिशातून नातवाची पट्टी काढली. त्यांचा चाकू परवान्याच्या जवळपासही पोचला नाही. त्यांचा चेहरा पडला.

खरं तर आमच्या पिढीचं खटक्याचं सगळं शिक्षण थिएटरात झालेलं. पडद्यावर खलनायक कळ दाबायचा, रामपुरीचं पातं 'खटाक्' उघडायचं आणि त्या आवाजानं अर्धं थिएटर सरळ बसायचं. 1965 च्या 'वक्त'मध्ये राजकुमारनं चाकू हातात घेऊन, ही पोरांच्या खेळण्याची वस्तू नव्हे, हात कापला तर रक्त येतं, अशी समज दिली. चाकूविषयी इतकं व्यवहारी बोलणं हिंदी सिनेमात त्यानंतर झालं नाही. पण कुठल्याही सिनेमात रामपुरी मिटताना दाखवत नाहीत. उघडणं हिरो-खलनायकाचं, मिटणं कोण करतं? कुणी तरी स्पॉटबॉय मागं उभा राहून दोन्ही अंगठ्यांनी कळ दाबत असणार. खुद्द रामपूर शहरानं 2023 मध्ये चौकात 20 फुटी चाकू उभारला. तो उघडाच आहे. मिटायची जबाबदारी कुणी घेतली नसावी.

घरात मी या विषयावर बोलत नाही. एकदाच बोललो होतो, स्वयंपाकघरात, मिलिमीटर आणि खाच यांवर. आमच्याकडं घडीची विळी आहे. हिचंही पातं पाटावर आडवं पडतं आणि हवं तेव्हा उभं करता येतं. उभं राहावं म्हणून बुडाशी बिजागरी आणि एक अडणी असते. आमच्या विळीची अडणी केव्हाच झिजलेली. पातं जरा डुलतं.

मी म्हणालो, "ही धोकादायक आहे. हिचा खटका गेलाय. भोपळा चिरताना एखाद दिवशी आडवी होईल."

"अहो, कशी होईल?" पाटावर पाय ठेवून, भोपळ्यावरची नजर न काढता ही म्हणाली. "पाय माझा आहे ना वर."

"पण पाय निसटला तर?"

"तुम्ही मध्ये बोललात तर निसटेल."

भोपळ्याच्या फोडी एकसारख्या पडत होत्या. मी बाहेर येऊन बसलो.

मग शिंगणापूरची टूम निघाली. नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर. नगरहून संभाजीनगरच्या रस्त्यानं घोडेगावपर्यंत जायचं आणि आत वळायचं. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, म्हणून सगळ्या जगात नाव. चौकटी आहेत; कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एखादी फळी टेकवतात, पडदा सोडतात, बस्स. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतात ही श्रद्धा. 2010 पासून भाविकांकडून चोरीच्या एखाददुसऱ्या तक्रारीची बातमी आली, 2015 मध्ये गावाला पोलिस ठाणंही मिळालं, पण घरं तशीच. बँकवाल्यांना दर्शनापेक्षा तिथली बँक बघायची होती. जानेवारी 2011 मध्ये युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा उघडली. आमच्या साहेबांची उभी नोकरी तिजोरीच्या दोन चाव्यांमध्ये गेली. एक मॅनेजरकडं, एक कॅशियरकडं, दोघं एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही, आणि दोघांचं आपसात पटत नाही. त्यांना झोपेतसुद्धा चाव्या दिसत. बिनकुलपाची बँक म्हणजे त्यांना स्वर्ग किंवा नरक, दोन्हींपैकी काही तरी वाटत होतं.

गर्दी नको म्हणून शनिवार टाळला. वाटेत बैलाच्या घाण्याच्या रसवंतीवर रस प्यायलो. रसवाल्या पोरानं लिंबू ज्यानं चिरलं तो करवतीच्या पात्याचा घासलेला तुकडा होता, एका टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. मूठ नाही, घडी नाही, खटका नाही. चार चाकू खिशात असलेले चार लोक ते एकटक बघत राहिले. डॉक्टरांनी 'धनुर्वात' एवढंच म्हटलं आणि दुसरा ग्लास मागवला.

गाडी बँकवाल्यांची, जुनी, आतली खिट्टी दाबून दार लोटलं की बंद होणारी. शिंगणापूरला वाहनतळावर ती लावली. आणि बघण्यासारखं होतं ते तिथंच. कुलपं नसलेल्या गावाच्या दर्शनाला आलेला प्रत्येक माणूस गाडीला कुलूप लावत होता. लावून हँडल ओढत होता. दोन पावलं पुढं जाऊन परत येऊन ओढत होता. एक गृहस्थ तर चौथऱ्याच्या निम्म्या वाटेवरून मागं आले, हँडल ओढलं, शनीच्या दिशेनं हात जोडले आणि तेलाच्या रांगेत उभे राहिले. आमच्या साहेबांनीही खिट्ट्या दाबल्या, दारं लोटली, चारही हँडलं ओढून पाहिली.

"लागलं," ते म्हणाले.

दर्शन झालं. मग बँक. काचेचं दार होतं. सगळं आरपार दिसावं, पारदर्शक कारभार, म्हणून काच. साहेब दाराच्या काचेला नाक लावून उभे. उद्घाटनाच्या वेळी बातमी आली होती की या दाराला सहज दिसणार नाही असं विजेच्या चुंबकाचं कुलूप आहे, लांबून बटणानं लागणारं. श्रद्धाही राखायची आणि रोकडही राखायची, तर कुलूप लावायचं पण दिसू द्यायचं नाही. साहेबांना ते शोधून काढायचं होतं. त्यांनी चौकटीची वरची कड न्याहाळली, भिंग काढलं, खालून बघितलं. रखवालदार जवळ आला.

"काय पाहिजे, काका?"

"काही नाही. कुलूप बघतोय."

"कुलूप नाही इथं."

"माहीत आहे," साहेब डोळा मिचकावून म्हणाले. "कुठं नाही तेच बघतोय."

आम्ही त्यांना ओढत गाडीपाशी आणलं. त्यांनी खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. शर्टाच्या खिशातून भिंग निघालं, पट्टी निघाली, चाकू निघाला. मग आम्ही सगळ्यांनी एकदमच खिडकीतून आत पाहिलं. चावी स्टेअरिंगखाली लटकत होती, तिच्या साखळीला लावलेला छोटा शनीचा फोटो हलत होता.

चार माणसं, चार चाकू. यासाठीच तर बागेत एवढी तयारी झाली होती. साहेबांनी अमेरिकन पातं काचेच्या रबरात घातलं, टोक वाकलं. खटका मात्र टिकला, हे त्यांनी लक्षात आणून दिलं. हेडमास्तरांनी स्विस चाकूतलं नखं घासायचं पातं लावून बघितलं, मग टूथपिक. डॉक्टर कडं फिरवायला विसरले, आणि चिकटपट्टी आता दुसऱ्या अंगठ्याला आली. मी मढीचा चाकू काढला. तो त्या दिवशी उघडलाच नाही. त्यानं जात बदलली होती.

शेवटी फुलं आणि तेल विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं, "इथं कुलपं उघडणारा कुणी आहे का हो? चावीवाला?"

तो आमच्याकडं बघत राहिला. मग दुकानात मागं बसलेल्या वडिलांना हाक मारून म्हणाला, "दादा, हे शिंगणापुरात चावीवाला मागताहेत."

वडील बाहेर येऊन आम्हाला बघून गेले.

सोनईहून माणूस बोलावला. मोटरसायकलवर आला, हातात नुसती एक स्टीलची फूटपट्टी. काच आणि रबर यांच्या फटीत ती खाली सारली, डोळे मिटून जरा हलवली आणि खिट्टी वर आली. चहा कपात ओतायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. साहेब गाडीकडं न बघता फूटपट्टीकडं बघत होते.

"याला काही खटका वगैरे?"

"फूटपट्टीला कसला खटका, साहेब?"

पैसे ठरवले, घासाघीस केली, दिले. मला राहवेना. विचारलं, "या भागात कुलपं उघडायचं काम जास्त कुठं मिळतं? सोनई? घोडेगाव?"

"इथंच," तो किक मारत म्हणाला. "गावातलं कुणी नाही. सगळे दर्शनाचे. शनिवारी या तुम्ही, शनिवारी मी इथंच बसलेला असतो."